परतवारी

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चंद्रभागेच्या वाळवंटाचे छायाचित्र येते, त्याखाली भाविकांच्या संख्येचा अंदाज असतो, आणि त्या वर्षीची वारी आपल्यापुरती तिथेच संपते. द्वादशीला पारणे सोडून लोक एसटीच्या जादा गाड्यांना लागतात, कोळपणीच्या काळजीने शेतकरी गाव गाठतात, आणि पंढरपूरच्या गल्ल्या बघता बघता मोकळ्या होतात. पादुका मात्र अजून तिथेच असतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लाह्या-दह्याचा प्रसाद माणसे एकमेकांच्या तोंडात भरवतात, त्यानंतर ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुका राउळात विठ्ठलाच्या भेटीला जातात आणि त्याच दिवशी पालखी पंढरपूर सोडते. जाताना ज्या वाटेला सतरा-अठरा दिवस लागले, तीच वाट आता दहाएक दिवसांत उलट चालायची असते. हिला परतवारी म्हणतात. या परतवारीला छायाचित्रकार नसतात, हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी होत नाही, आणि पालखी आज कुठे मुक्कामाला आहे हे सांगणारी चौकटही वर्तमानपत्रात आतल्या पानावर गेलेली असते, छापलीच तर.

मला ती लहानपणापासून ठाऊक आहे, आणि त्यात माझे कर्तृत्व काही नाही. आमचे घर फलटण आणि बरड यांच्या मधल्या एका वस्तीवर, अगदी रस्त्याला लागून होते. पालखी जायची तेव्हा घरातल्या सगळ्या घागरी, हंडे आणि पिंप ओट्यावर भरून ठेवलेले असत आणि ते दोन तासांत रिकामे होत. दोन दिंड्यांची सकाळची न्याहारी आमच्याकडे ठरलेली होती. त्या दिवशी रस्ता ओलांडून समोरच्या विहिरीवर जाणेसुद्धा शक्य नसे, इतकी माणसे चालत असत, आणि आम्हा मुलांना खांद्यावर बसवून रथ दाखवला जाई तेव्हा आम्हाला रथाचा कळस तेवढा दिसे. आजी ओट्याच्या खांबाला धरून उभी राही आणि रथ पुढे गेला की कळसाला हात जोडून आत जाई. गर्दीत शिरायचा तिने कधी प्रयत्न केल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी वाटायचे, म्हातारीला धक्काबुक्की झेपत नाही म्हणून जात नसेल. खरे कारण दोन आठवड्यांनी कळे.

दोन आठवड्यांनी, नातेपुत्याहून फलटणकडे निघालेली पालखी दिवेलागणीच्या सुमारास आमच्या घरावरून परत जाई. आधी लांबून एकच पखवाज ऐकू येई, मग टाळ, मग रथ. आजी सुंठ घालून चहाचे मोठे पातेले चुलीवर चढवून तयार असे, कारण परत येणारी माणसे बहुधा भिजलेली असत. रथ थांबे, आजी सावकाश पुढे होई, पादुकांवर डोके टेकवी आणि तिला वाटेल तितका वेळ ते टेकवून ठेवी. कोणी मागून ढकलत नसे, कोणी "चला माउली, पुढे चला" असे म्हणत नसे. डोके उचलल्यावर ती पदराने डोळे पुसून चहाच्या पातेल्याकडे वळे. "जाताना माउली जगाच्या असतात," ती म्हणे, "येताना आपल्या." या वाक्यात थोडा स्वार्थ होता, हे मला मोठा झाल्यावर जाणवले. पण जगाच्या वाट्याला गेलेली वस्तू क्षणभर आपल्या ओट्यापाशी मोकळी मिळावी, एवढाच तो स्वार्थ होता, आणि तिच्या एकूण आयुष्यात तिने याहून मोठा स्वार्थ केल्याचे मला माहीत नाही.

वारी या शब्दाचा अर्थच मुळी खेप असा आहे. वारी करणारा तो वारकरी, म्हणजे नेमाने येणारा आणि जाणारा. पोहोचणाऱ्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत. काशीला जाणे ही एके काळी आयुष्यातून एकदा घडणारी गोष्ट होती, निघताना निरवानिरव करून लोक निघत, आणि सुखरूप परतल्यावर गंगापूजन करून मावंदे घालत. मावंदे हा शब्द मला फार आवडतो, कारण आता ही गोष्ट पूर्ण झाली, असे तो गावजेवण घालून जाहीर करतो. काशीची गंगा रामेश्वराला नेऊन वाहायची आणि सेतूची वाळू पुन्हा उत्तरेला नेऊन प्रयागच्या संगमात सोडायची, ही जुनी रीतही अशीच वर्तुळ पुरे करणारी आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा जिथून निघाला तिथेच परत येतो, तेव्हा तिथेही परतणे हा यात्रेचा वेगळा भाग राहत नाही. पंढरीच्या वारकऱ्याला मात्र मावंदे नाही. त्याचे काही पूर्ण होतच नाही. आषाढी झाली की कार्तिकी आहे, आणि कार्तिकी एकादशी उरकली की तोच पांडुरंग आळंदीला जायला निघतो, कारण कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांच्या समाधीचा दिवस असतो. म्हणजे या संप्रदायात देवालाही खेप चुकलेली नाही.

आपल्याला आज दिसणारा पालखीचा थाट तुलनेने अलीकडचा आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, त्या पालखीत ज्ञानदेव आणि तुकोबा या दोघांच्याही पादुका असत. ज्ञानेश्वर महाराजांची स्वतंत्र पालखी आली ती १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकरांमुळे. हैबतबाबा साताऱ्याकडचे, शिंद्यांच्या पदरी असलेले शिपाईगडी. त्यांनी अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू वगैरे सरंजाम मिळवला आणि दिंड्यांना फौजेसारखी शिस्त लावली. रथापुढच्या दिंड्या किती, मागच्या कुठून मोजायच्या, चोपदाराचा शब्द कधी चालायचा, हे सगळे त्यांच्या काळापासून ठरत आले. त्या वेळी जाणारा प्रत्येक माणूस पायीच परत येत असणार, दुसरा उपायच नव्हता. बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपूरला पोहोचली, १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही वर्षांत ती खेड्यापाड्यांत शिरली. परतवारी कोणी ठरवून लहान केलेली नाही. ती बसच्या तिकिटाने लहान झाली, आणि लोकांना मी त्यात दोषही देत नाही, कारण शेत वाट पाहत असते आणि दहा दिवसांची मजुरी ही सगळ्यांना सोडता येण्यासारखी गोष्ट नसते. सगळीकडे असेच घडले असेही नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतते तेव्हा शेवटच्या खामगाव-शेगाव टप्प्याला इतकी माणसे चालतात की तिथे परतणे हाच उत्सव झाला आहे. आळंदीच्या वाट्याला तो उत्सव आलेला नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी, आजीला जाऊन बराच काळ लोटल्यावर आणि माझी पन्नाशी उलटल्यावर, मी कचेरीतून आठवड्याची रजा काढली आणि नातेपुत्याच्या मुक्कामी एका ओळखीच्या दिंडीत दाखल झालो. नातेपुते, फलटण, पाडेगाव, वाल्हे, सासवड, हडपसर, पुणे आणि आळंदी, असा तो माझ्या वाट्याचा रस्ता होता. दिंडीच्या विणेकऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बूट कुठले घातले आहेत एवढेच विचारले. जाताना त्या दिंडीत साडेतीनशेच्या आसपास माणसे होती असे त्यांच्या वहीत लिहिलेले होते. परतताना आम्ही एकतीस होतो, मला धरून.

एकतीस माणसांची दिंडी कशी असते हे सांगितले पाहिजे. जाताना तीन ट्रक असतात, स्वयंपाकाला आचारी असतात, राहुट्या ठोकायला पोरे असतात. परतताना एक टेम्पो उरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या दोरांवर ओली धोतरे आणि लुगडी वाळत असतात आणि तो टेम्पो रस्त्याने चालला की लांबून एखाद्या शिडाच्या होडीसारखा दिसतो. मुक्काम बहुधा देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर पडतो. भाकरी दिंडीतल्या बायाच थापतात आणि पुरुष कांदे चिरतात, भांडी घासतात, पाणी भरतात. पाण्याची गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. जाताना वाटेवर ठिकठिकाणी टँकर उभे असतात. परतताना ते नसतात, आणि आपली कळशी घेऊन एखाद्या दारात उभे राहावे लागते. त्या आठवड्यात मी निदान वीस दारांत उभा राहिलो. पाणी सगळ्यांनी दिले. तीन-चार ठिकाणी मात्र घरातल्या माणसाने आधी आश्चर्याने विचारले, "अजून वारी चालू आहे?"

पहिल्याच दिवशी पस्तीसएक किलोमीटर चालायचे होते. जाताना याच अंतरात बरडचा एक मुक्काम असतो, तो परतताना गाळतात. मी विणेकऱ्यांना विचारले की एवढी घाई कशाला, तर ते म्हणाले, "घरच्या वाटंला बैलसुद्धा चाल धरतो." खरे कारण त्यांनी नंतर सांगितले. वद्य दशमीला पादुका आळंदीत पोहोचल्या पाहिजेत, कारण वद्य एकादशीची नगरप्रदक्षिणा तिथे ठरलेली असते. पण मला पहिले कारण अधिक पटले.

दिशेचा फरक चालल्याशिवाय कळत नाही. आळंदीहून पंढरपूरला जाताना माणूस पावसाकडे पाठ करून कोरड्या मुलखाकडे जातो. सासवड, जेजुरी मागे पडली की पाऊस विरळ होत जातो आणि माळशिरसच्या बाजूला तर पुष्कळदा ढग नुसते वरून निघून जातात. परतताना तोंड पावसाकडे असते. सगळा आषाढ पश्चिमेकडून वाहत असतो आणि तो आपल्या डाव्या गालावर येऊन आदळतो. तिसऱ्या दिवसापर्यंत माझा डावा कान सुन्न झाला होता. दिंडीतली जुनी माणसे डाव्या बाजूने घोंगडीची खोळ पुढे ओढून घेत, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की ही खोळ नुसती पावसासाठी नसते.

आणखी एक गोष्ट परतताना दिसते, ती सांगायला मी थोडा कचरत आहे. परतवारी आपल्याच वारीच्या उष्ट्यावरून चालते. दोन आठवड्यांपूर्वी जिथे लाखोंनी पंगती उठल्या, तिथे गटारांत पत्रावळी कुजत पडलेल्या असतात, चहाचे कागदी पेले तारांच्या कुंपणाला अडकलेले असतात, आणि चपला तर इतक्या असतात की मोजणे सोडून द्यावे. गंमत म्हणजे त्या सगळ्या एकएकट्या असतात, त्यांची जोडी कुठे गेली कोण जाणे. तरडगावच्या अलीकडे एका बांधावर लहान मुलाचा निळा बूट उपडा पडलेला होता आणि त्याच्या शेजारी, दोन आठवड्यांपूर्वी पेटलेल्या तीन दगडांच्या चुलीभोवती, राखेतूनच बाजरीचे कोंब वितभर वर आले होते. दिंडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने वाकून तो बूट उचलला आणि बांधाच्या दगडावर सरळ करून ठेवला, आणि ते पुढे चालू लागले. तो बूट घ्यायला कोणी येणार नव्हते, हे त्यांनाही माहीत असणार.

आमच्या घरावरून आम्ही गेलो तेव्हा अजून उजेड होता. घर आता नाही, म्हणजे अर्धे आहे. पालखी मार्गाचा राष्ट्रीय महामार्ग ९६५ झाला, रस्ता चौपदरी झाला, त्यात दोन्ही कडांची जुनी झाडे गेली आणि आमचा ओटाही गेला. नुकसानभरपाई व्यवस्थित मिळाली, तक्रार नाही. ओटा जिथे होता तिथे आता दुभाजक आहे आणि त्यात कण्हेर लावलेली आहे. रथ तिथून न थांबता पुढे गेला, कारण थांबायला तिथे कोणी उभे नव्हते. मी कण्हेरीपाशी दोन पावले रेंगाळलो, तेवढ्यात मागून एका ट्रकने हॉर्न दिला आणि मी चालू लागलो.

दिंडीत परभणीकडच्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या आसपासच्या. त्यांच्या डोक्यावर तुळस होती. जाताना डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, त्यांचे फोटोही पुष्कळ असतात, आणि त्या फोटोंतली तुळस नेहमी दाट, हिरवी, मंजिऱ्यांनी भरलेली असते. परतणारी तुळस मी पहिल्यांदा पाहिली. पितळेचे लहानसे वृंदावन एका बाजूने चेपलेले होते, त्यात मूठभर माती आणि मातीत चार काटक्या उभ्या होत्या, आणि सगळ्यांत वरच्या काटकीला पाच-सहा पाने शिल्लक होती. "निम्मी लोकांनी खुडली, निम्मी वाऱ्यानं नेली," मावशी म्हणाल्या. वाटेत कोणी प्रसाद म्हणून पान मागितले की त्या नाही म्हणत नसत. प्रत्येक विसाव्याला त्या चुंबळीसकट वृंदावन उतरवून दगडावर किंवा पायरीवर ठेवत, आधी ओंजळभर पाणी तुळशीला घालत आणि मगच स्वतः पीत. जमिनीवर तिला त्यांनी एकदाही टेकवले नाही. पावसात चालताना मी म्हटले, आता तिला पाणी घालायची गरज नाही, तर त्या म्हणाल्या, "पावसाचं पाणी पावसानं दिलं, माझं मी देते."

जाणाऱ्या वारीत बोलणे शक्य नसते. टाळांचा आवाज, कर्णे, पुढच्या आणि मागच्या दिंडीचा वेगवेगळा अभंग, यांत माणूस स्वतःचा आवाजसुद्धा हरवून बसतो, आणि त्यातच त्याचे सुख असते. परतताना अभंगांचा क्रम तोच असतो, पहाटेचा काकडा आणि संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही, पण दोन अभंगांच्या मध्ये जागा पडते आणि त्या जागेत घरे येऊन बसतात. पोरीचे स्थळ, युरियाची गोणी, भावाने बांधावर घातलेला वाद, गुडघ्याचे ऑपरेशन करावे की नाही, हे सगळे मी त्या आठवड्यात ऐकले. पहिल्या दिवशी मला ते खटकले. मला वाटले होते, परतवारी म्हणजे एक प्रकारची उदास, मूक, अंतर्मुख चाल असेल. विठ्ठलाचा निरोप घेणाऱ्या भक्ताला संतांनी माहेराहून निघालेल्या लेकीची उपमा दिलेली आहे, ती माझ्या डोक्यात होती. पण माहेरहून निघालेली लेक वेशीपर्यंत रडते. वेस ओलांडली की तिला सासरी दूध तापवायचे असते हे आठवते, आणि तिची चाल बदलते. उपमेचा हा पुढचा भाग मला त्या रस्त्यावर कळला.

राहिलेल्या देवाचेही काही वेगळे नसते. यात्रेच्या काळात पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, त्याच्या पाठीशी कापसाचा लोड देतात, आणि तो रात्रंदिवस दर्शनासाठी उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. ही माहिती मला वर्षानुवर्षे होती, पण एका संध्याकाळी ओल्या शाळेच्या ओसरीत पाय शेकत बसलेलो असताना विणेकरी सहज बोलून गेले, "आता तिकडं देवबी पाय लांबवून बसला असल," आणि सगळे हसले, तेव्हा ती मला पहिल्यांदा नीट समजली.

माझी एक चूक इथे सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी, फलटणहून पाडेगावच्या वाटेवर, लोणंदच्या पुढे माझ्या उजव्या टाचेचा फोड फुटला आणि शेवटचे काही किलोमीटर मी टेम्पोत बसून काढले. वाळत घातलेल्या धोतरांच्या आडून मला माझीच दिंडी मागे पडताना दिसत होती. मी कोणाला सांगितले नव्हते, कोणी विचारलेही नाही. रात्री पालखीतळावर समाजआरती होती. जाताना त्या आरतीला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, लाखोंचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदाराने चोप उंच केला की तो एका क्षणात थांबतो. हे दृश्य ज्याने पाहिले तो ते विसरत नाही. पाडेगावच्या त्या रात्री तळावर इतकी थोडी माणसे होती की टाळ थांबल्यावर नदीचा आवाज येत होता. शांत करण्यासारखे काही नव्हते. चोपदारांनी तरीही चोप उंच केला, नेहमीइतका वेळ तो तसाच धरून ठेवला, आणि मग हरवलेल्या वस्तूंची नावे पुकारली. एक चष्मा आणि एक पितळी तांब्या होता. उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले. आरती झाली. परतताना विणेकरी माझ्याशेजारून चालत होते, ते एवढेच म्हणाले, "टाचेला हळद-तेल लावा, उद्या नीरा वलांडायचीय." त्यानंतर मी टेम्पोत बसलो नाही.

जाताना पादुकांना दत्तघाटावर नीरेचे स्नान घालतात, ते सगळ्यांना ठाऊक असते. परतीच्या वाटेवरही ते होते. तोवर वरच्या बाजूला पाऊस लागलेला असतो, वीर धरणातून पाणी सोडलेले असते, आणि जाताना गुडघाभर असलेली नदी आता गढूळ होऊन घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलेली असते. आम्ही पायरीवरूनच पाणी अंगावर घेतले. नदी ओलांडली की सातारा जिल्हा संपतो आणि पुणे जिल्हा लागतो. पुलाच्या मध्यावर मावशींनी डोक्यावरचे वृंदावन एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने पदराच्या गाठीतले नाणे सोडून खाली टाकले. ते पाण्यात पडल्याचा आवाज मला आला नाही.

वाल्ह्याचा टप्पा लहान आहे, त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच की त्या दिवशी सगळ्यांनी कपडे धुतले. जेजुरी जाताना मुक्कामाची असते आणि तिथे पालखीवर भंडारा उधळला जातो. परतताना ती नुसती वाटेत लागते. सासवडला सोपानदेवांच्या समाधीपाशी टेकून आम्ही निघालो आणि दिवे घाटात आलो. या घाटाचे चढतानाचे फोटो घराघरांत आहेत, वळणावळणांवरून चढत जाणारी ती पांढरी नागमोडी रांग. उतरताना कसे दिसते हे मी सांगू शकतो, कारण दिसण्यासारखे फारसे काही नव्हते. धुके होते, पुढच्या माणसाची पाठ दिसत होती, आणि उतारावर सगळा भार अंगठ्यांच्या नखांवर येत होता. एका वळणावर धुके फाटले आणि खाली हडपसरच्या इमारती एकदम उघड्या पडल्या. परभणीच्या मावशी थांबल्या. "एवढी घरं," त्या म्हणाल्या, "आन् एवढ्या घरांत कुणी ना कुणी आजारी असलंच की." मग त्या पुन्हा उतरू लागल्या.

पुण्यातला दिवस मला सगळ्यांत अवघड गेला, अंतर थोडे असूनही. माझेच शहर, पण मी त्यात कुणीतरी परका होऊन शिरत होतो. जाताना पालखीसाठी रस्ते बंद असतात, कमानी असतात, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी वाटणारी मंडळे असतात. परतताना आम्ही सकाळच्या कचेरीच्या वाहतुकीत सापडलो. एका चौकात पोलिसाने रथाला वाट करून दिली, पण मागच्या दिंड्या तांबड्या दिव्याला अडकल्या. दुचाकीवरचा एक तरुण हॉर्न वाजवत होता. त्याला उशीर होत असणार. दुसऱ्या एकाने हेल्मेट काढले, हात जोडले आणि दिवा हिरवा होताच निघून गेला. मी दोघांकडेही पाहत होतो आणि मला आठवत होते की याच चौकात, याच वेळी, मीही कैक वर्षे हॉर्न वाजवत उभा राहिलो आहे. त्यांतल्या एखाद्या आषाढ वद्यात माझ्या पुढे हीच माणसे असतील आणि मला ती दिसलीही नसतील.

आळंदीच्या वेशीवर मात्र माणसे उभी होती. गावकरी पिठले-भाकरी घेऊन सामोरे आले होते, परतणाऱ्यांसाठी ही त्यांची ठरलेली रीत आहे. टोपल्यांतून भाकरी निघत होत्या, हातावरच पिठले वाढले जात होते, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या जेवलो. एवढ्या दिवसांत प्रथमच कोणीतरी आमची वाट पाहिलेली होती. पादुका देवळात गेल्या. विणेकऱ्यांनी वीणा खाली ठेवली नाही, दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि मग इंद्रायणीवर जाऊन तोंड धुतले.

मावशींना परभणीची गाडी पुण्याहून धरायची होती, मलाही घरी जायचे होते, म्हणून एकादशी उरकल्यावर आम्ही आळंदीहून एकाच बसमध्ये चढलो. त्यांनी इंद्रायणीकाठची मूठभर माती वृंदावनात घातली होती. पाच पानांची ती तुळस मांडीवर घेऊन त्या बसल्या. बस भरत गेली. मधल्या वाटेत उभ्या माणसांतून वाट काढत वाहक आला आणि म्हणाला, "आजी, कुंडी खाली ठेवा, जरा सरकून घ्या, एक माणूस बसल."

"ती खाली बसत नसती, माउली."

"मग तिचंबी तिकीट काढा," वाहक हसत म्हणाला.

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी वृंदावन एका हाताने सावरले आणि दुसऱ्या हाताने कनवटीची गाठ सोडायला घेतली.